मानेची नाडी आणि दंडाचा पट्टा



गेल्या पावसाळ्यात कुंभवलीतल्या एक मावशी हातात रंगीत कागद घेऊन माझ्याकडे आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचे काम. कागदावर लाल रेषेत लाटांसारखी नक्षी, खाली इंग्रजीत आकडे, आणि त्यातल्या एका आकड्याभोवती पेनाने काढलेले वर्तुळ. कुठल्याशा तपासणी शिबिरात अठराशे रुपये भरून त्यांनी ‘मानेच्या नसेची तपासणी’ करून घेतली होती. तिथल्या मुलाने त्यांना सांगितले की तुमच्या हृदयाजवळची नस म्हातारी झाली आहे, आता पुढचे पॅकेज करून घ्या. ते साडेसहा हजारांचे होते.

“सिस्टर, नस बदलून मिळते का हो?” मावशींनी विचारले.

मी आधी गोळीचे विचारले. बीपीची गोळी त्यांनी दोन महिन्यांपासून सोडली होती. पायांना सूज यायची म्हणून, आणि “मधी एकदा नॉर्मल आलं होतं ना” म्हणून.

मावशींच्या हातातला तो कागद बनावट नव्हता. अशी तपासणी खरोखर असते आणि तिच्यामागचे शास्त्रही खरे आहे. पण तो वर्तुळातला आकडा कशाच्या आधारावर काढतात, हे त्यांना कोणी समजावले नव्हते. ते समजले असते तर त्यांनी पैसे भरले नसते असे मला वाटते. म्हणून आज थोडे सविस्तर लिहिते.

दंडात एक, हृदयाजवळ दुसरे

हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. हृदय आकुंचन पावले की रक्ताचा लोंढा तिच्यात येतो, ती फुगते, आणि हृदय विश्रांती घेत असताना ती पुन्हा आक्रसून तेच रक्त पुढे ढकलते. तरुणपणी ती चांगल्या रबरासारखी असते. या लवचीकपणामुळे हृदयाचे काम हलके होते आणि मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त धक्के न देता मिळते.

आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो ते प्रेशर दंडाच्या धमनीचे. महाधमनीतले प्रेशर नेमके तेवढेच नसते. खालचा आकडा शरीरातल्या सगळ्या मोठ्या धमन्यांत जवळपास सारखा असतो. वरचा आकडा मात्र हृदयापासून दूर जावे तसा वाढतो. सातपाटी-मुरब्याच्या खाडीत भरती चढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मुखाशी पाणी पसरट असते, आत खाडी अरुंद होत जाते तशी लाट उंच होते, आणि बांधावर आपटलेले पाणी मागे फिरून येणाऱ्या लाटेवर चढते. तरुण माणसाच्या दंडातला वरचा आकडा महाधमनीपेक्षा दहा-पंधरा अंकांनी, कधी त्याहूनही जास्त असू शकतो. वय वाढून धमन्या कडक झाल्या की हा फरक कमी होत जातो. म्हणजे दंडावर दोघांचे प्रेशर १४० दिसले, तरी एकाच्या हृदयावर पडणारा भार दुसऱ्यापेक्षा जास्त असू शकतो.

कडक झालेल्या नळीतून लाट वेगाने धावते आणि खालच्या फाट्यांवर आपटून लवकर परत येते. ती परतते तेव्हा हृदयाचे ढकलणे संपलेलेही नसते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदयाला स्वतःच्याच परतलेल्या लाटेविरुद्ध जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे हे चालले की हृदयाची भिंत जाड होते. मेंदू आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना बसणारे धक्के वेगळेच.

महाधमनी छातीत खोल असते. तिच्यातले प्रेशर थेट मोजायचे तर धमनीतून बारीक नळी आत घालावी लागते, तशी अँजिओग्राफीत घालतात. ते काही शिबिरात करायचे काम नव्हे. बाहेरून हात लागेल अशी महाधमनीच्या जवळची मोठी धमनी म्हणजे मानेतली, कंठमण्याच्या बाजूला ठोके देणारी कॅरोटिड. तिथली लाट महाधमनीतल्या लाटेशी बरीच मिळतीजुळती असते. पेनासारखे एक यंत्र, टोनोमीटर, तिथे हलकेच टेकवतात आणि संगणकाच्या पडद्यावर लाट उमटते. तशीच एक नोंद जांघेतल्या धमनीवर घेतात. मानेपासून जांघेपर्यंतचे अंतर आणि लाटेला लागलेला वेळ यांवरून वेग निघतो. साधा हिशेब: अर्धा मीटर अंतर ०.०५ सेकंदात कापले तर वेग सेकंदाला १० मीटर. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त वेग ही धमन्या कडक झाल्याची खूण मानली आहे.

नाडीची लाट कागदावर उमटवण्याचे काम जुने आहे. त्यात एक नाव आपल्याकडच्या रक्ताचे निघते म्हणून सांगते. पाटण्याहून इंग्लंडला गेलेले शेख दीन मोहम्मद यांचे नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाइज रुग्णालयात डॉक्टर होते. १८७० च्या दशकात त्यांनी मनगटाच्या नाडीची लाट यंत्राने कागदावर उतरवली आणि प्रेशर वाढलेल्या माणसाची लाट वेगळी दिसते हे दाखवले. दंडाचा पट्टा आला १८९६ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. मोहम्मद १८८४ मध्ये टायफॉइडने वारले, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही नीट ओलांडली नव्हती. पुढे पट्टा आला, दोन आकडे मिळू लागले, आणि शंभर वर्षे लाटेचा आकार बाजूला पडला.

वर्तुळातला आकडा कुठून आला

आता मुद्द्याची गोष्ट. मानेवर टेकवलेले ते पेन लाटेचा आकार दाखवते. त्या लाटेची उंची किती अंकांची हे ते स्वतःहून सांगू शकत नाही. त्यासाठी दंडाचे बीपी घ्यावे लागते. दंडातला खालचा आकडा आणि सरासरी प्रेशर मानेतही तेवढेच असते असे धरून लाटेला अंक दिले जातात. सरासरी काढायची सोपी रीत अशी, की वरच्या आणि खालच्या आकड्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. म्हणून दंडाचे बीपी चुकले की मानेचा आकडाही चुकतो, मग यंत्र कितीही लाखांचे असो.

मावशींच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत दंडाचे बीपी लिहिलेले होते, १७६/८४. ते कसे घेतले, मी विचारले. त्या पहिली पाळी करून थेट तिथे गेल्या होत्या, दोन जिने चढून. रांगेत उभ्या असताना मशेरी लावली होती. नंबर लागल्याबरोबर खुर्चीत बसवले आणि ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. मोजणी चालू असताना मुलगा नाव, गाव, वय विचारत होता आणि त्या सांगत होत्या.

मी त्यांना दहा मिनिटे नुसते बसवले. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवीला जाऊन आलेल्या. बाही वर सारली, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला, मोठा पट्टा लावला, कारण त्यांचा दंड जाड आहे आणि जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा फुगून येतो. पहिल्यांदा १५८/८२, दोन मिनिटांनी १५४/८०. आता हिशेब करा. १७६/८४ ची सरासरी येते ११५, आणि १५४/८० ची १०५. म्हणजे मानेच्या तपासणीची सुरुवातच दहा अंकांनी वर झाली होती.

बाहीवरून पट्टा बांधण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी नर्सिंगचा डिप्लोमा करत असताना ज्या रुग्णालयात ड्युटी लागायची, तिथे बीपी घेताना काही पेशंटची बाही नीट वर केली जायची, आणि वस्तीतून आलेल्या बायकांचा पट्टा पदरावरून, बाहीवरून बांधला जायचा. विचारले की उत्तर यायचे, घाई आहे. घाई कोणाच्या वेळी व्हायची हे मी तीन वर्षे पाहिले. म्हणून सांगते, बाही वर करायला सांगणे हा आपला हक्क आहे. कोणी सांगितले नाही तर आपण स्वतः वर करावी.

मावशींची धमनी कडक आहे हे मात्र खरे असावे. १५४ मधून ८० वजा केले की ७४ उरतात. वरच्या आणि खालच्या आकड्यातला हा फरक वयस्कर माणसात ६० किंवा अधिक असेल तर मोठ्या धमन्या ताठ झाल्याची ती खूण समजतात. महाधमनी फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि आक्रसून रक्त ढकलत नाही म्हणून खालचा उतरतो. जे अठराशे रुपयांत कळले ते या वजाबाकीतही कळले असते. घरी बीपीचा कागद असेल तर आजच काढा आणि ही वजाबाकी करा. फरक जास्त आला तर घाबरून कुठे पॅकेज घेऊ नका, तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

गोळीचे काय

हृदयाजवळच्या प्रेशरवर गोळ्यांचा परिणाम वेगवेगळा होतो, हे या तपासणीतूनच नीट कळले. २००६ मध्ये इंग्लंड-आयर्लंडमधल्या रुग्णांवर झालेला ‘कॅफे’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला अटेनोलॉलपासून सुरू होणारे उपचार, दुसऱ्याला ॲम्लोडिपीनपासून सुरू होणारे. दंडावर दोन्ही गटांचे प्रेशर जवळजवळ सारखेच उतरले होते. मनगटाच्या नाडीची लाट घेऊन महाधमनीचे प्रेशर काढले तेव्हा ॲम्लोडिपीनच्या गटात वरचा आकडा ४.३ अंकांनी कमी निघाला. ज्या मोठ्या अभ्यासाचा हा भाग होता त्यात एकोणीस हजारांवर रुग्ण होते, आणि ॲम्लोडिपीनच्या गटात पक्षाघात कमी झाले होते.

ही ॲम्लोडिपीन म्हणजे काही परदेशी महाग औषध नव्हे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी तीच छोटी गोळी. २०१७ मध्ये केंद्र सरकार आणि आयसीएमआर यांनी बीपी नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात आपल्या राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते, आणि तिथे हीच गोळी पहिल्या पायरीवर होती. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. म्हणजे अठराशे रुपयांच्या कागदाने जे भय दाखवले, त्यावरचे औषध मावशींच्या घरी डब्यात पडून होते.

कोणी अटेनोलॉल घेत असेल तर हे वाचून ती एकदम बंद करू नये. काही आजारांत ती लागतेच, आणि अचानक सोडली तर धोका होतो. ॲम्लोडिपीनने काहींच्या पायांना सूज येते, हेही खरे. ते डॉक्टरांना सांगायचे असते. मावशींच्या बाबतीत डॉक्टरांनी मात्रा कमी करून टेल्मिसार्टनची गोळी जोडली, सूज उतरली. आणि ‘नॉर्मल आले’ म्हणजे गोळी काम करते आहे, ती थांबवायची वेळ आली असा त्याचा अर्थ होत नाही. हे मी दर आठवड्याला सांगते आणि दर आठवड्याला कोणीतरी गोळी सोडून आलेले असते.

घरातल्या घरात दोन गोष्टींनी फरक पडतो. आपल्याकडे सुकट, सुके बोंबील, खारे मासे पावसाळाभर चालतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे छोटा चमचा भरूनही नाही. खारे मासे दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वेगळे मीठ घालू नका. दुसरी गोष्ट मशेरी. तिला अनेक बायका तंबाखूत धरतच नाहीत, पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि लावल्यावर थोडा वेळ बीपी आणि ठोके दोन्ही वाढतात.

मानेची कोणती तपासणी

मानेच्या नावाने तीन वेगळ्या तपासण्या चालतात आणि लोकांची त्यात गल्लत होते. एक ही लाटेची. दुसरी सोनोग्राफीने धमनीच्या भिंतीची जाडी मोजणे. तिसरी डॉपलर, रक्त वाहताना कुठे अडथळा आहे का ते पाहणे. अचानक एका डोळ्याला दिसेनासे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, आणि काही मिनिटांत पुन्हा ठीक होणे, असे झाले तर डॉपलर तातडीची असते. “गेलं आपोआप” म्हणून घरी बसू नये. लक्षणे टिकून राहिली तर १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. काहीच त्रास नसलेल्या माणसांची मात्र सरसकट डॉपलर करू नये, असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. कारण त्यातून फायद्यापेक्षा नको त्या पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियाच जास्त होतात.

घरी मानेची नाडी जोरात दाबून पाहू नका. तिथे प्रेशरची खबर मेंदूला देणारी जागा असते. ती दाबली तर ठोके मंदावून चक्कर येते, वयस्कर माणूस कोसळतोही. दोन्ही बाजू एकदम तर कधीच नाही. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेणाऱ्या भावांनो, मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतला पदर त्या झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. न्हाव्याला नुसते “मान राहू दे” म्हणा.

मग हे यंत्र निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. फक्त त्याची जागा वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आठव्या वर्षी मुलांची साखर आणि इन्सुलिन तपासले. एकविसाव्या वर्षी त्यांतल्या ३५७ जणांच्या मानेच्या धमनीची जाडी आणि नाडीच्या लाटेचा वेग मोजला. आठव्या वर्षी ज्यांची साखर आणि इन्सुलिन वरच्या बाजूला होते, त्यांचे बीपी एकविसाव्या वर्षी जास्त होते आणि मानेची धमनी जाड होती. मधल्या वर्षांत ज्यांचे हे आकडे जास्त वाढले, त्यांच्या लाटेचा वेगही जास्त होता. याच मुलांच्या आधीच्या तपासणीत दिसले होते की जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी अंग भरलेले, अशांत बिघाडाची सुरुवात सर्वांत जास्त होती. आपल्या वस्तीत अडीच किलोच्या आतली बाळे किती जन्मतात हे आशाताईंच्या वहीत आहे. गरोदर सुनेच्या ताटात काय पडते याचा संबंध बाळाच्या पन्नाशीतल्या बीपीशी असा लागतो.

पुण्यात हे झाले ते कोणाच्या खिशाला हात न लावता. माझी मागणी साधी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र प्रदूषणात देशात पहिले होते, १०० पैकी ९३.६९ गुण. हवेतली बारीक धूळ, रात्रपाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, या सगळ्यांचा बीपीशी संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. तेव्हा मानेवरचे ते पेन एकेका मावशीला घाबरवायला फिरवण्यापेक्षा इथल्या कामगारांच्या आणि भोवतालच्या गावांतल्या लोकांच्या धमन्या दरवर्षी मोजायला आणा, सरकारी खर्चाने, आणि आकडे ग्रामसभेत मांडा. तोवर एक करा. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ठेकेदाराकडे असलात तरी तुमच्या तपासणीचा कागद मागा, आणि त्यावर बीपी लिहिलेले आहे का पाहा. नुसता ‘फिट’ शिक्का असेल तर विचारा.

मावशींचे बीपी दोन महिन्यांनी १३६/७४ झाले. फरक अजून ६२ आहे. पन्नास वर्षांत ताठ झालेली धमनी दोन महिन्यांत मऊ होत नाही, हे त्यांना सांगितले आहे. मशेरी दिवसातून चारदाची एकदा झाली आहे, असे त्या म्हणतात. सुनेच्या मते दोनदा.

आमच्या विहारात आता बीपीचे एक यंत्र आहे, साधा आणि मोठा असे दोन पट्टे त्याला आहेत. रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे सगळे शांत बसलेलेच असतात, तेव्हाच एकेकाला बोलावतो आणि वहीत लिहितो. मावशींचे नाव तिसऱ्या पानावर आहे. त्यांच्या यजमानांचे अजून लागलेले नाही. ते शनिवारी रात्रपाळीला असतात आणि रविवारी सकाळी झोपलेले असतात. येत्या रविवारी संध्याकाळी यंत्र घेऊन त्यांच्या खोलीवरच जायचे ठरले आहे.